आधी पाणी काढा, मग मिरची: घरच्या घरी मेक्सिकन पद्धतीचा झणझणीत टोफू

टोफू हौसेनं घरी आणतात, पनीरसारखा चौकोनी कापतात, उकळत्या रश्श्यात सोडतात आणि पहिल्याच घासाला तोंड वाकडं होतं. रस्सा तिखट, आतला टोफू मात्र पांढराफटक आणि पाणचट. मग दुसरं पाकीट फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात जातं आणि तारीख उलटल्यावर फेकलं जातं. ज्यांच्याकडे असं झालं आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. टोफूबद्दलची ही तक्रार खरी आहे, पण ती दूर करता येते. दूर करण्याची सगळ्यात चांगली रीत मला मेक्सिकन स्वयंपाकात सापडली.

काही वर्षं मी शिकागोत राहायला होते. तिथला पिल्सन हा भाग मेक्सिकन वस्तीसाठी ओळखला जातो. आमच्या खालच्या मजल्यावर मेक्सिकोतल्या पुएब्लाहून आलेल्या एक बाई राहायच्या. त्यांच्याकडे रविवारी हमखास ‘तिंगा’ व्हायचा. तिंगा हा पुएब्लाचाच पदार्थ: उकडून तंतू काढलेली कोंबडी, ढीगभर उभा चिरलेला कांदा, टोमॅटो आणि धुरावलेली चिपोत्ले मिरची. मी शाकाहारी, म्हणून एका रविवारी त्यांनी त्याच रश्श्यात टोफू घालून मला वाटी पाठवली. ती वाटी संपल्यावर मी खाली गेले आणि पुढचे बरेच रविवार त्यांच्या ओट्याशी उभी राहिले.

तिथे शिकले ते थोडक्यात इतकंच: टोफूतलं पाणी आधी बाहेर काढायचं, आणि मिरचीला चार टप्प्यांतून न्यायचं. भाजायची, भिजवायची, वाटायची आणि शेवटी वाटण तेलात परतायचं. यातली एकही पायरी गाळली तर पदार्थ नुसता तिखट होतो, झणझणीत होत नाही.

मेक्सिकोत टोफू कुठला, असं कुणी विचारेल. टोफू मूळचा चीनचा, पारंपरिक मेक्सिकन स्वयंपाकात तो नव्हता हे खरंच. पण त्या स्वयंपाकाला बाहेरचं आपलंसं करायची जुनी सवय आहे. कांदा, लसूण, कोथिंबीर, लिंबू हे सगळं तिथे स्पॅनिश लोकांबरोबर गेलं, म्हणजे १५२१मध्ये त्यांनी तिथल्या अझ्टेक लोकांची राजधानी जिंकली त्या सुमारास आणि त्यानंतर. मध्यपूर्वेतून आलेल्या लोकांनी पुएब्लात उभ्या सळईवर मांस भाजायची पद्धत आणली, तिच्यातून ‘ताकोस आराबेस’ म्हणजे अरबी ताको झाले (ताको म्हणजे पातळ भाकरी-पोळीत घातलेलं सारण) आणि पुढे मेक्सिको शहरात ‘अल पास्तोर’ ताको. आज त्याच शहरात मांसाशिवायच्या ताकोंच्या गाड्या आहेत, तिथे सोया, अळंबी, अगदी लाल अंबाडीची वाळवलेली बोंडंसुद्धा परतून घालतात. २०१०मध्ये युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन पाककलेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या परंपरेचा कणा मका, घेवडा आणि मिरची हा आहे. मिरचीची रीत नीट सांभाळली तर टोफू तिथे परका वाटत नाही.

काय काय लागेल

चार माणसांच्या जेवणाचं हे प्रमाण आहे. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा म्हणजे ५ मिली.

- घट्ट टोफू ४०० ग्रॅम
- बेडगी मिरच्या ८
- लवंगी मिरच्या २ (तिखट झेपत असेल तर ४)
- काळे मनुके ८ ते १०
- लालबुंद पिकलेले टोमॅटो ४ मध्यम
- कांदे अडीच: दोन उभे पातळ चिरून, अर्धा भाजायला
- लसूण ६ मोठ्या पाकळ्या, सालासकट
- व्हिनेगर १ मोठा चमचा
- जिरे पाव छोटा चमचा, मिरी ४, लवंग १, दालचिनी बोटाच्या पेराएवढी
- वाळलेला ओरेगॅनो १ छोटा चमचा
- किसलेला गूळ १ छोटा चमचा
- तेल ५ मोठे चमचे, मीठ, लिंबं २, मूठभर कोथिंबीर
- धूर द्यायला कोळशाचा एक लहान तुकडा

जिरे पाव चमचाच, हे मुद्दाम सांगते. मेक्सिकन म्हणून जे मसाल्याचं पाकीट दुकानात मिळतं त्याला जिऱ्याचा उग्र वास असतो. ती चव टेक्सासच्या बाजूची. पुएब्लाच्या बाई जिरे चिमटीने घालायच्या. ओरेगॅनोही तिथला वेगळा असतो. आपल्याकडे पिझ्झ्याबरोबर येतो तो पुदिन्याच्या कुळातला, मेक्सिकन ओरेगॅनो घाणेरीच्या कुळातला, आणि त्याला लिंबासारखा किंचित आंबट वास असतो. आपल्याकडचा वापरला तरी चालतं, फक्त तो तळहातावर चोळून शेवटी घाला. लिंबाची मात्र काही चिंता नाही. तिथलं ‘लिमोन’ आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं.

टोफू: आदल्या रात्रीचं काम

विकत घेताना पाकिटावर ‘फर्म’ किंवा ‘एक्स्ट्रा फर्म’ लिहिलेलं पाहा. ‘सिल्कन’ नावाचा मऊ टोफू या कामाचा नाही, तो ढवळताक्षणी विरघळतो.

टोफू म्हणजे सोयाबीनचं दूध क्षार घालून साकळवायचं आणि दाबून वडी करायची. त्या वडीत भरपूर पाणी अडकलेलं असतं. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही, तसाच मसालाही आत शिरत नाही. तेलात कालवलेला मसाला लावून ठेवला तर तो तेलामुळे आणखीच बाहेर राहतो. म्हणून टोफू तासन् तास मुरवत ठेवण्यात अर्थ नाही. आधी आतली जागा रिकामी करायला हवी.

त्यासाठी सगळ्यात सोपी आणि उत्तम युक्ती म्हणजे फ्रीजर. वडीचे आडवे दोन जाड तुकडे करा, डब्यात घालून रात्रभर गोठवा. पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो आणि टोफूच्या आत लहान-मोठी छिद्रं पाडतो. सकाळी डबा उघडाल तेव्हा वडी पिवळसर, जुन्या हस्तिदंतासारखी दिसेल. घाबरू नका, बर्फ वितळला की रंग परत येतो. ती पातेल्यात ठेवून वरून गरम पाणी ओता, अर्ध्या-पाऊण तासात मऊ होते. मग तुकडा दोन तळहातांत धरून ओला स्पंज पिळावा तसा हळूहळू दाबा. पहिल्यांदा पिळाल तेव्हा किती पाणी निघतं ते पाहून आश्चर्य वाटेल. एका बाजूनेच दाबू नका, तुकडा फिरवत फिरवत दाबा, नाहीतर मधोमध फुटतो.

गोठवायला वेळ नसेल तर दुसरा मार्ग आहे. टोफूचे तुकडे करून पातेल्यात ठेवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात एक मोठा चमचा मीठ विरघळवून वर ओता, पंधरा मिनिटं राहू द्या. मग स्वच्छ पंच्यात गुंडाळून दोन ताटांमध्ये ठेवा आणि वर पाण्याने भरलेलं पातेलं किंवा खलबत्ता ठेवून अर्धा तास दाबा. हा टोफू गोठवलेल्याइतका तंतुमय होत नाही, पण आतपर्यंत मीठ लागतं.

आता सुरी बाजूला ठेवा. तिंग्यासाठी टोफू बोटांनी तोडायचा: आधी लांबट तुकडे, मग त्यांचे अंगठ्याने विलग केलेले धागे, दोन-तीन सेंटिमीटरचे. कापलेला पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावरून रस्सा ओघळून जातो. तुटलेली बाजू खडबडीत असते, तिच्या प्रत्येक खाचेत वाटण अडकतं. गोठवलेला टोफू तोडताना आतली जाळी डोळ्यांनी दिसते, जाळीदार ढोकळा मोडल्यावर दिसावी तशी.

तव्यावर खरपूस

लोखंडी तवा चांगला तापवा. दोन मोठे चमचे तेल घाला, टोफू एकाच थरात पसरा, पाव छोटा चमचा मीठ भुरभुरवा आणि चार मिनिटं हात लावू नका. सतत हलवत राहिलं की वाफ होते आणि रंग येत नाही. आधी चर्र आवाज जोरात येईल, मग हळूहळू कमी होत जाईल. आवाज उतरला म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी संपलं आणि आता तांबूस रंग धरेल. उलथन्याने खरवडून उलटा, आणखी तीन-चार मिनिटं. कडा तांबूस आणि कुरकुरीत, मधला भाग मऊ, एवढं झालं की ताटलीत काढून ठेवा.

कॉर्नफ्लोअर लावायचा मोह होतो. तुकडे नुसते कोरडे खायचे असतील तर जरूर लावा. पण रश्श्यात घालायचे असतील तर नको, तो लेप भिजून बुळबुळीत होतो.

मिरच्या कुठल्या घ्यायच्या

मिरचीचं मूळ घरच मेक्सिको. तिथून ती पोर्तुगिजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि आपण तिला मिऱ्यावरून मिरची म्हणू लागलो. मेक्सिकोत ओल्या मिरचीचं नाव वेगळं आणि तीच वाळली की वेगळं, कारण वाळल्यावर चव पार बदलते. पोब्लानो वाळली की आंचो, मिरासोल वाळली की ग्वाहियो. हालापेन्यो लाल पिकू देऊन लाकडाच्या धुरावर वाळवली की ती चिपोत्ले. हे नाव मेक्सिकोतल्या मूळच्या नाहुआत्ल भाषेतल्या मिरची आणि धूर या दोन शब्दांतून आलं आहे.

यातल्या रोजच्या मिरच्या फार तिखट नसतात. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२मध्ये तिखटपणा मोजायची जी पद्धत काढली तिच्यानुसार आंचो साधारण १,००० ते २,००० स्कोव्हिल एककं, हालापेन्यो २,५०० ते ८,०००. युकातानची हाबानेरो मात्र १ लाखाच्या पुढे जाते. म्हणजे आंचो किंवा ग्वाहियो मूठभर घालतात ती रंगासाठी, दाटपणासाठी आणि सुक्या फळासारख्या चवीसाठी. जाळ हवा असेल तर एखादी तिखट मिरची वेगळी.

आपल्याकडे ही वाटणी करायला बेडगी फार उपयोगाची. रंग गडद, साल सुरकुतलेली, तिखटपणा बेताचा. ती ग्वाहियोची जागा घेते. आंचोत मनुक्यासारखा गोडवा असतो, तो मी खऱ्याच काळ्या मनुक्यांनी आणते. तिखटाला लवंगी, किंवा गडहिंग्लज-संकेश्वरकडची संकेश्वरी मिळाली तर तीच. संकेश्वरी घेतलीत तर चार घ्या. आणि चिपोत्लेचा धूर आपण कोळशाने देऊ. डबाबंद चिपोत्ले मिळालीच तर दोन मिरच्या आणि डब्यातला एक चमचा रस घाला, लवंगी आणि कोळसा दोन्ही वगळा.

भाजणं: वीस सेकंदांचं काम

मिरच्यांचे देठ काढा, उभ्या चिरा, बिया झटका. तिखट कमी हवं असेल तर आतली पांढरी शीर ओढून काढा, मिरचीचा जाळ मुख्यतः त्या शिरेत असतो. हातमोजे नसतील तर बोटांना तेल लावून घ्या आणि नंतर साबणाने हात धुवा.

तवा मध्यम आचेवर कोरडाच तापवा. मेक्सिकोत याला कोमाल म्हणतात, तो मातीचा किंवा लोखंडाचा असतो. मिरची उघडून सपाट ठेवा, उलथन्याने दाबा, दहा सेकंद. उलटा, पुन्हा दहा सेकंद. सालीवर फिकट फोड येतात, आतली बाजू तंबाखूच्या रंगाकडे झुकते आणि ओल्या लाकडासारखा, किंचित गोडूस घमघमाट सुटतो. त्या बाई डोळ्यांनी पाहायच्याच नाहीत. तव्यावर मान झुकवून वास घ्यायच्या आणि ‘या, या’ म्हणत मिरची उचलायच्या. ‘या’ म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘झालं’. नाकाला ठसका लागला म्हणजे उशीर झाला.

मी एकट्याने पहिल्यांदा केलं तेव्हा दोन मिरच्यांना काळे डाग पडले होते, आणि एवढ्याने काय होतं म्हणून मी त्या तशाच वाटल्या. अख्खा रस्सा कडू झाला. गूळ घातला, टोमॅटो घातला, कडूपणा जागचा हलला नाही. तेव्हापासून काळी पडलेली मिरची मी सरळ फेकते. एक मिरची गेली तरी चालते, पण चार माणसांचं जेवण वाया जाऊ नये.

भाजलेल्या मिरच्या आणि मनुके वाडग्यात घालून वर दोन वाट्या कडकडीत पाणी ओता. तरंगू नयेत म्हणून वर वाटी पालथी दाबा. वीस मिनिटं.

त्याच तव्यावर आता सालासकट लसूण, अर्धा कांदा आणि अख्खे टोमॅटो ठेवा. लसणाला सात-आठ मिनिटं लागतात. साल काळी झाली तरी हरकत नाही, आतली पाकळी लोण्यासारखी मऊ व्हायला हवी. टोमॅटो बारा-पंधरा मिनिटं, फिरवत राहायचं, साल फाटून काळे चट्टे पडेपर्यंत. मिरची करपलेली चालत नाही, टोमॅटोची साल करपलेली चालते, हा फरक लक्षात ठेवा. टोमॅटोच्या रसामुळे करपट चव सौम्य होते आणि कच्चा आंबटपणा निघून जातो. जिरे, मिरी, लवंग, दालचिनी सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर तव्याच्या उरलेल्या उष्णतेवर.

वाटणं

भिजवलेल्या मिरच्यांचं पाणी बोट बुडवून चाखा. गोडसर असेल तर वाटायला तेच वापरा. कडू लागलं तर ओतून द्या आणि साधं पाणी घ्या.

मिरच्या, मनुके, सोललेला लसूण, भाजलेला कांदा, टोमॅटो (सुटी झालेली साल काढून), खडा मसाला, व्हिनेगर, एक छोटा चमचा मीठ आणि अर्धी वाटी पाणी मिक्सरमध्ये घालून गंधासारखं बारीक वाटा. दोन मिनिटं तरी फिरवा. मग मोठ्या भोकांच्या गाळणीतून चमच्याने दाबत गाळा. बेडगीची साल जाड असते, ती कितीही वाटली तरी जिभेला लागते. तुमच्याकडे पाटा-वरवंटा असेल आणि उत्साह असेल तर त्यावर वाटा. मेक्सिकोतला मेताते म्हणजे तीन पायांचा पाटाच, वरवंट्यासकट.

या वाटणाला ‘अडोबो’ म्हणतात: सुकी लाल मिरची, लसूण, मसाला आणि व्हिनेगर. वाचून गोव्याच्या रेशाद मसाल्याची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. मांस-मासळी व्हिनेगर-लसणात मुरवायची पद्धत स्पेन-पोर्तुगालची. एका बाजूने ती मेक्सिकोत गेली, दुसऱ्या बाजूने गोव्यात आली, आणि दोन्हीकडे तिला मिरची भेटली. गोव्याकडचं माडाचं व्हिनेगर घरात असेल तर इथे जरूर वापरा.

परतणं: इथे घाई करू नका

आंबट रस्सा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवू नये, म्हणून जाड बुडाची स्टीलची कढई घ्या. तीन मोठे चमचे तेल तापवा, उभा चिरलेला कांदा आणि चिमूटभर मीठ घाला. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं, कांदा मऊ आणि गोड होईपर्यंत. तपकिरी करायचा नाही. दोन कांदे जास्त वाटतील, पण तिंग्यात कांदा भाजीसारखाच खायचा असतो.

आता आच वाढवा, कांदा कडेला सारा आणि मधल्या तापलेल्या तेलात सगळं वाटण एकदम ओता. शिंतोडे उडतील, झाकण हाताशी ठेवा. एकदम ओतण्याला कारण आहे: तेल कडक तापलेलं असताना वाटण पडलं की ते परतलं जातं, थोडं थोडं घातलं की तेल निवतं आणि वाटण नुसतं उकळतं. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात फारसे उतरत नाहीत, म्हणून ही पायरी चवीसाठी सगळ्यात महत्त्वाची आहे.

आठ-दहा मिनिटं ढवळत राहा. सुरुवातीला रंग नारिंगी आणि वास कच्च्या टोमॅटोचा. चार मिनिटांनी बुडबुडे जड होतात, फुटताना ‘फट्’ असा आवाज येतो. सातव्या-आठव्या मिनिटाला रंग विटेसारखा गडद होतो, कडेने तेल सुटतं, आणि उलथन्याने बुडावर रेघ ओढली तर ती क्षणभर तशीच राहते. एवढं झालं की गूळ घाला. तिथे ‘पिलोन्सियो’ नावाची उसाची ढेप घालतात, ती म्हणजे गूळच.

मग टोफू घाला, पाऊण वाटी गरम पाणी घाला, हलक्या हाताने खालीवर करा. झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं. सुरुवातीला पाणी जास्त वाटेल, पण पिळून रिकामा केलेला टोफू ते पिऊन घेतो, आणि आदल्या रात्रीपासूनची खटपट कशासाठी होती ते इथे कळतं. झाकण काढून पाहा: रस्सा धाग्यांना धरून राहिला पाहिजे, ताटलीत वेगळा वाहता कामा नये. चोळलेला ओरेगॅनो घाला, मीठ चाखा, गॅस बंद करा.

धूर

कोळसा चिमट्याने धरून लालबुंद करा. कढईतल्या टोफूवर मधोमध स्टीलची लहान वाटी ठेवा, त्यात निखारा, त्यावर पाव चमचा तेल. धूर उसळला की लगेच घट्ट झाकण. तीन मिनिटं पुरे. पाच-सहा मिनिटं ठेवलात तर चवीला डांबरट कडवटपणा येतो. इथे तूप घालू नका, तुपाच्या धुराला ओळखीचा दाल-तडक्याचा वास असतो आणि तो सगळ्यावर मात करतो. खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर निखारा पाण्यात विझवा.

धूर दिल्यानंतर झाकून पंधरा मिनिटं तसाच ठेवा. आधी आंबट, तिखट, धुरकट असं वेगवेगळं लागतं, थांबल्यावर एकजीव होतं.

कशाबरोबर

तिंगा वाढायची नेहमीची पद्धत म्हणजे तोस्तादा, म्हणजे कुरकुरीत तळलेली सपाट तोर्तिया (मक्याची पातळ भाकरी). तिच्यावर उकडून, तेलात परतून घोटलेला राजमा, वर टोफू, वर बारीक चिरलेला लेट्यूस किंवा कोबी, आणि थोडी आंबट साय. सायीऐवजी चक्क्यात दोन चमचे दूध आणि मीठ घालून सारखं करा. राजमा इथे उसना वाटू देऊ नका, मेक्सिको ही त्याची एक मूळ भूमीच आहे.

मक्याची तोर्तिया घरी करायची तर एक अडचण येते. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, साल चोळून काढून मग वाटतात. मक्याच्या वजनाच्या साधारण एक टक्का चुना, म्हणजे १ किलो मक्याला १० ग्रॅम. खाण्याचा चुनाच. त्यामुळे पिठाला चिकटपणा येतो, तो विशिष्ट मातकट सुगंध येतो, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. दुकानातल्या साध्या मक्याच्या पिठावर हा संस्कार झालेला नसतो, म्हणून त्याची तोर्तिया लाटताना फाटते. ते पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून, भाकरीसारखं मळून, प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ताटलीने दाबलं तर तळहाताएवढ्या जाडसर तोर्तिया होतात. तेवढा वेळ नसेल तर गव्हाची पातळ पोळी घ्या आणि मनात काही ठेवू नका. सोनोरासारख्या उत्तरेकडच्या राज्यांत गव्हाच्याच तोर्तिया खातात.

एक गोष्ट मात्र हवीच: आंबट कांदा. एक लाल कांदा कागदासारखा पातळ चिरा, अर्धा छोटा चमचा मीठ चोळा, एका लिंबाचा रस पिळा, अर्धा तास ठेवा. रंग गुलाबी होतो. उरलेल्या लिंबाच्या फोडी आणि कोथिंबीर ताटात वेगळी.

दहा मिनिटांतला प्रकार

कामाच्या दिवशी एवढा घाट शक्य नसतो. तेव्हा मी ‘आ ला मेहिकाना’ करते. या नावाने जे काही येतं त्यात हिरवी मिरची, पांढरा कांदा आणि लाल टोमॅटो असतो, मेक्सिकोच्या झेंड्याचे तीन रंग. तिथे अशी अंडी नाश्त्याला असतात.

२०० ग्रॅम टोफू पंच्यात घट्ट पिळून चुरा. दोन मोठे चमचे तेलात टोफू आधी पाच मिनिटं एकटाच परता, कडा तांबूस होऊ द्या, काढून ठेवा. त्याच कढईत एक बारीक कांदा दोन मिनिटं, मग दोन-तीन बारीक चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीचे चिरलेले देठ, मग दोन टोमॅटो. टोमॅटोचं पाणी पूर्ण आटलं की टोफू परत घाला, मीठ, दोन मिनिटं, वर लिंबू. हळद नको, मोहरीची फोडणी नको, गरम मसाला नको. ते घातलं की चांगली भुर्जी होईल, पण भुर्जीच होईल.

उरलं तर

तिंगा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. फ्रिजमध्ये झाकून तीन दिवस राहतो, गरम करताना दोन चमचे पाणी घाला. उघडलेल्या पाकिटातला कच्चा टोफू पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला आणि तीन-चार दिवसांत संपवा; पाणी बुळबुळीत झालं किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या.

आणि अडोबो दुप्पट करून ठेवा. परतलेलं वाटण थंड करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, घट्ट झाल्यावर क्यूब पिशवीत काढा. दोन महिने सहज टिकतात. ४०० ग्रॅम टोफूला सात-आठ क्यूब लागतात. उरलेल्या दोन-तीन क्यूबचं मी काय करते तर शिळ्या तोर्तियांचे तुकडे तळून कुरकुरीत करते, क्यूब थोड्या पाण्यात उकळते आणि त्यात ते तुकडे मिनिटभर घोळवून वर आंबट कांदा घालून लगेच ताटात घेते. तिथे याला ‘चिलाकिलेस’ म्हणतात आणि ते सकाळी खातात.